अक्कलदाढ काढल्यानंतरचं दुखणं : कोणता उपाय कधी, किती आणि कुणासाठी

पुण्याहून अक्कलदाढ काढून कापूरहोळला परत निघालेला माणूस खेड शिवापूरच्या टोलनाक्यापर्यंत बहुधा मजेत असतो. ओठ सुन्न, जीभ जड, पण दुखत काहीच नाही. "एवढंच होतं होय?" असंही म्हणून जातो. नसरापूर फाटा मागे पडतो, भूल उतरायला लागते आणि घराच्या उंबऱ्यावर पोचेपर्यंत हात गालावर गेलेला असतो. मग घरात प्रत्येकाकडे एकेक नुस्खा निघतो. अम्मी लवंगेचं तेल शोधते, चाचा डब्यातली जुनी गोळी काढतात, शेजारच्या खाला मीठ-पाण्याच्या गुळण्या करायला सांगतात.

आमच्या भाच्याच्या बाबतीत गेल्या वर्षी हेच झालं. डॉक्टरांनी दिलेली गोळी तो घेतच होता. त्यावर घरच्यांनी तापाची गोळी दिली, कारण "ती तर साधी असते." तिसरी शेजारून आली, सुजेवरची म्हणून. तिन्ही गोळ्या दिवसातून चार वेळा. दुसऱ्या दिवशी रात्री पोटात आग, उलट्या. डॉक्टरांनी तिन्ही पाकिटं हातात घेऊन मागचा बारीक मजकूर आम्हालाच वाचायला लावला. तिन्हींत पॅरासिटामॉल होतं : एकीत ३२५ मिलिग्रॅम, दुसरीत ६५०, तिसरीत पुन्हा ३२५. म्हणजे एका वेळेला १३०० आणि दिवसाला ५२०० मिलिग्रॅम. निरोगी मोठ्या माणसाची चोवीस तासांची कमाल मर्यादा ४००० आहे. शिवाय सूज कमी करणारी दोन औषधं एकाच वेळी पोटात जात होती, ते वेगळंच. मुलगा सावरला, अल्हम्दुलिल्लाह. पण आम्ही घरात दोघं शिकवणारे, आणि पाकीट उलटं करून वाचायचं कुणालाच सुचलं नाही, ही गोष्ट मनाला लागली. हा लेख त्यातूनच आलेला आहे.

दुखणं चढतं कसं, उतरतं कसं

अक्कलदाढ साधारण १७ ते २५ या वयात येते. जबड्यात जागा नसेल तर ती आडवी किंवा अर्धी हिरडीत अडकून राहते. अशी दाढ काढताना हिरडी कापावी लागते, कधी थोडं हाड कोरावं लागतं, दाढेचे तुकडे करावे लागतात. साधा हलणारा दात काढणं आणि हे, यात फरक आहे. खालची दाढ वरच्यापेक्षा जास्त त्रास देते.

भुलेच्या इंजेक्शनात बहुतेक ठिकाणी लिग्नोकेन असतं. स्वीडनच्या निल्स लॉफग्रेन यांनी ते १९४३ साली तयार केलं. त्याआधीच्या लोकांनी काय सोसलं असेल याचा विचारच नको. कॉर्डोब्याचे अबुल कासिम अल-जहरावी यांनी हजार वर्षांपूर्वी दात काढायच्या हत्यारांची चित्रं काढून ठेवली, पण आजच्यासारखं भुलेचं इंजेक्शन त्यांच्याकडे नव्हतं. १८४४ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्डचे दंतवैद्य होरेस वेल्स यांनी हसवणारा वायू हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली, तेव्हा कुठे वेदनेविना दात काढता येतो हे लोकांना पटायला सुरुवात झाली.

लिग्नोकेनचा असर ओठ-जिभेवर दोन ते चार तास राहतो. तो उतरला की दुखणं चढतं आणि पहिल्या दिवशीच सर्वांत जोरात असतं. सूज मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पूर्ण भरते. "काल बरा होता, आज तोंड केवढं सुजलं" म्हणून घाबरायचं कारण नाही, तो तिचा नेहमीचा हिशोब आहे. तिसऱ्या दिवसानंतर दुखणं रोज थोडं थोडं उतरत गेलं पाहिजे. आठवड्याभरात बहुतेकांची गोळी सुटते.

या वेळापत्रकाचा सगळ्यात मोठा फायदा असा, की दुखणं कधी येणार ते आधीच माहीत असतं. म्हणून पहिली गोळी दुखायला लागल्यावर नाही, भूल शिल्लक असतानाच घ्यायची. गोळीला काम सुरू करायला अर्धा ते एक तास लागतो. कापूरहोळ, भोर, वेल्ह्याकडे परतायचं असेल तर पुण्यातून निघण्यापूर्वीच, डॉक्टरांना विचारून, थोडं गार दूध किंवा दही पोटात घालून पहिली गोळी घ्या. एसटीत बसल्यावर पिशवीतल्या पाकिटाचा काही उपयोग नाही. पुढचे दोन दिवस "दुखलं तर घेईन" असं न करता घड्याळ लावून घ्यायची. एकदा ठणका चढला की त्याला खाली आणणं अवघड जातं.

प्रवास लांबचा असेल तर सर्जनना आणखी एक विचारून बघा. बुपिव्हाकेन नावाचं जास्त वेळ टिकणारं भुलेचं औषध असतं, त्याने सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त बधिरपणा राहतो. सगळीकडे देत नाहीत, पण विचारायला काय जातं?

गोळ्यांची तुलना

नावं शेकडो आहेत, पण आत औषधं मोजकीच. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन, केटोरोलॅक ही सगळी एका घराण्यातली. जखमेच्या जागी दुखणं आणि सूज वाढवणारे पदार्थ तयार होतात, त्यांची निर्मिती ही औषधं रोखतात. पॅरासिटामॉल वेगळं आहे. त्याचं काम मुख्यतः मेंदूकडे चालतं, सुजेवर त्याचा फारसा परिणाम नाही. शाळेच्या भाषेत सांगायचं तर वर्गात गोंगाट चालू असताना एक शिक्षक वर्गात जाऊन मुलांना गप्प करतो आणि दुसरा ऑफिसची खिडकी लावून घेतो. दोन्ही केलं तर शांतता जास्त.

हे नुसतं आमचं म्हणणं नाही. कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यास तपासून निष्कर्ष काढणारी जागतिक संस्था. तिने २०१३ साली खालची अक्कलदाढ शस्त्रक्रियेने काढलेल्या २,२४१ रुग्णांवरचे सात अभ्यास एकत्र पाहिले. ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन हे १००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलपेक्षा सरस ठरलं, आणि दोन्ही एकत्र दिली तेव्हा एकेकट्यापेक्षा जास्त आराम दिसला. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०२४ च्या मार्गदर्शनातही पहिला क्रमांक याच घराण्यातल्या औषधांना आहे, एकटी किंवा पॅरासिटामॉलच्या जोडीने; अफूच्या जातीच्या औषधांना नाही. म्हणजे "जोरदार गोळी लिहून द्या" असा आग्रह धरण्यात अर्थ नाही. स्वस्तातली जोडीच बहुतेकांना पुरते, आणि तीच औषधं जनऔषधी केंद्रात आणखी कमी पैशांत मिळतात.

आता पाकीट वाचू. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ आहे, म्हणजे जोडी आधीच तयार. झेरोडॉल-एसपीमध्ये अॅसिक्लोफेनॅक १००, पॅरासिटामॉल ३२५ आणि सेराशिओपेप्टिडेज. डोलो ६५० म्हणजे नुसतं पॅरासिटामॉल ६५०. यातली पहिली आणि दुसरी एकत्र घेणं म्हणजे एकाच घराण्यातली दोन औषधं घेणं. आराम दुप्पट होत नाही, पोटाची आणि किडनीची जोखीम मात्र वाढते. नियम एवढाच ठेवा : सुजेचं औषध एकच, आणि पॅरासिटामॉल सगळीकडून मिळून किती झालं त्याची बेरीज. कागदावर वेळ आणि गोळी लिहून फ्रिजच्या दारावर लावली तर घरातल्या तिघांकडून तीन गोळ्या जात नाहीत.

सेराशिओपेप्टिडेजबद्दल दोन शब्द. रेशमाच्या किड्याच्या आतड्यात सापडलेल्या जिवाणूपासून हे मिळतं आणि आपल्याकडे सुजेसाठी सर्रास लिहिलं जातं. जपानमध्ये त्याची मूळ कंपनी ताकेदा हिने २०११ साली ते बाजारातून काढून घेतलं, कारण नव्या चाचण्यांत नकली गोळीपेक्षा त्याचा जास्त फायदा दिसला नाही. डॉक्टरांनी लिहिलं असेल तर वाद घालू नका, पण ते नाही मिळालं म्हणून भोरपर्यंत धावपळही नको. सुजेसाठी खरा उपयोग होतो तो डेक्सामेथासोनचा. शस्त्रक्रियेच्या वेळी त्याचा एखादा डोस दिला तर सूज आणि तोंड न उघडणं कमी होतं. तो निर्णय सर्जनचा. मधुमेह असेल तर आधी सांगा, साखर चढते.

केटोरोलॅक जोरदार आहे, म्हणूनच ते पाच दिवसांपेक्षा जास्त घ्यायचं नसतं. मेडिकलवाल्याने "ही घ्या, लगेच आराम" म्हणून हातावर ठेवलं तरी. ट्रॅमाडॉल हे अफूच्या जातीचं. २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. मळमळ, चक्कर, झोप आणतं, सवयही लावू शकतं. ते घेऊन मोटारसायकल चालवू नका. निमसुलाइड आपल्याकडे २०११ पासून १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला बंदी आहे, हे घरातल्या डब्यात ते पडलेलं असेल तर ध्यानात ठेवा.

आणि अँटिबायोटिक हे दुखण्याचं औषध नाही. अमॉक्सिसिलिनची एक कॅप्सूल जास्त घेतली म्हणून ठणका थांबत नाही.

आयबुप्रोफेनच्या घराण्यापासून ज्यांनी लांब राहायचं, त्यांची यादी छोटी नाही. पोटात अल्सर झालेले, किडनीचा त्रास असलेले, हृदयविकाराचे, रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेले, अॅस्पिरिनने दमा उठणारे. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगून घ्या. गरोदर बहिणींनी, विशेषतः वीस आठवड्यांनंतर, ही औषधं स्वतःहून घेऊ नयेत. त्यांना सहसा पॅरासिटामॉलच देतात. पावसाळ्यात दाढ काढल्यावर अंगात सणकून ताप भरला आणि गावात डेंग्यू असेल, तर रक्त तपासेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल.

घरातले उपाय

बर्फ पहिल्या दिवसाचा. फडक्यात गुंडाळून बाहेरून गालावर, पंधरा मिनिटं ठेवायचा, पंधरा मिनिटं काढायचा. अभ्यासांत त्याचा फायदा थोडाच दिसतो, पण खर्च नाही आणि आराम वाटतो. दोन दिवसांनी जबडा आखडला असेल तर उलट कोमट शेक.

मीठ-पाणी चांगलंच, पण पहिल्या चोवीस तासांत नाही. दाढ काढलेल्या खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते, तीच खालच्या हाडाचं आणि नसांचं झाकण असते. जोराने गुळणी केली, थुंकलं, स्ट्रॉने ओढलं की ती निघून येऊ शकते. दुसऱ्या दिवसापासून कपभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, जेवणानंतर. तोंडात घेऊन मान इकडे-तिकडे कलवायची आणि पाणी नुसतं पडू द्यायचं.

लवंगेचं तेल हा जुना आणि खरा उपाय आहे, त्यातलं युजेनॉल नस बधिर करतं. दंतवैद्यही ते वापरतात. पण ते किडलेल्या दाताच्या दुखण्यावर. ताज्या जखमेत कापसाने तेल ओतलं तर मांस भाजतं. अकरकऱ्याचंही तेच. युनानी दवाखान्यात दातदुखीवर तो देतात, पण उघड्या खड्ड्यात कुठलीच भुकटी भरू नका, हळदसुद्धा. डिस्प्रिनची गोळी हिरडीशी दाबून धरणारे अजून आहेत. तिथे पांढरा चट्टा पडून कातडी जळते आणि अॅस्पिरिनने रक्त वाहायचं थांबत नाही.

मिश्री, तंबाखू, सिगारेट यांबद्दल घरातल्या मोठ्यांशी बोलणं कठीण असतं, आम्हाला माहीत आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, मिश्री तर घरीच भाजली जाते. निदान तीन दिवस, जमलं तर आठवडाभर ती लांब ठेवायला सांगा. "वाईट असतं" म्हणून सांगू नका. "त्याने खड्डा भरत नाही आणि पुन्हा दुखेल" म्हणून सांगा. दुसरं कारण ऐकलं जातं.

खायला गार दही-भात, मऊ खिमट, केळं, गार केलेला शोरबा. गोळी उपाशीपोटी नको, त्यामुळे दोन घास तरी गेलेच पाहिजेत.

वुजू, सजदा आणि रोजा

दंतवैद्याच्या कागदावर हे लिहिलेलं नसतं, पण आपल्या घरात पहिल्याच दिवशी प्रश्न येतो. वुजूतली कुल्ली दिवसात पाच वेळा, प्रत्येकी तीनदा. पहिल्या चोवीस तासांत ती खळखळून केली तर गुठळी निघू शकते. पाणी हलकेच तोंडात घ्या आणि न थुंकता पडू द्या. रक्त वाहत असताना वुजूचं काय, गुस्लचं काय, हे मसले आपल्या मौलानांना विचारा. आम्ही शिक्षक आहोत, मुफ्ती नाही. मिस्वाक बाकीच्या दातांवर चालेल, जखमेच्या बाजूला काही दिवस नाही.

सजद्यात डोकं खाली गेलं की ठणका वाढतो, कधी रक्तही पुन्हा येतं. आजारी माणसाला बसून, इशाऱ्याने नमाज पढण्याची सवलत आहे. एक-दोन दिवस ती घ्यायला संकोच नको.

रमजानचा हिशोब मात्र कागदावर मांडून बघा. सेहरी ते इफ्तार साधारण तेरा तास. आयबुप्रोफेनचा असर सहा-आठ तास. म्हणजे सेहरीला घेतलेली गोळी जोहरपर्यंत साथ देते आणि असरच्या सुमारास दुखणं जोरात. पाणीही नाही, त्यामुळे किडनीवर ताण. नेप्रोक्सेन बारा तासांनी घ्यायचं असतं, ते या वेळापत्रकात जास्त बसतं. डॉक्टरांना तसं सुचवता येईल. पण घाई नसेल तर दाढ रमजानच्या आधी किंवा ईदनंतर काढा. पू झाला असेल, तोंड उघडत नसेल, तर थांबू नका. आजाऱ्याला रोजा सोडून नंतर कजा करण्याची मुभा कुरआननेच दिली आहे. ती घेणारी सून किंवा मुलगी असेल तर घरातल्यांनी तोंड वाकडं करू नये, एवढं आम्ही जोडून सांगतो.

हे दुखणं वेगळं

दोन-तीन दिवस उतारावर असलेलं दुखणं तिसऱ्या ते पाचव्या दिवशी अचानक वाढलं, कानाकडे कळा जायला लागल्या, तोंडाला घाण वास आला आणि खड्डा रिकामा, हाड दिसल्यासारखा वाटला, तर ती गुठळी निघून गेलेली असते. डॉक्टर याला ड्राय सॉकेट म्हणतात. साध्या दात काढण्यात हे शंभरात दोन ते पाच जणांना होतं, खालच्या अडकलेल्या दाढेत बरंच जास्त. यावर गोळ्या वाढवत बसू नका. दंतवैद्य खड्डा धुऊन त्यात औषधाची पट्टी भरतात, तीत बहुधा तेच लवंगेचं युजेनॉल असतं, आणि माणूस खुर्चीतून उठेपर्यंत चेहरा बदललेला असतो. घरी ओतलेलं तेल आणि ही पट्टी यांतला फरक इथे कळतो.

ताप आणि थंडी, हनुवटीखाली किंवा गळ्याला टणक सूज, गिळता न येणं, श्वासाला त्रास : यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने मोठ्या रुग्णालयात न्या. ताजं रक्त थांबत नसेल तर स्वच्छ गॉज घडी करून खड्ड्यावर ठेवा आणि अर्धा तास घट्ट चावून धरा, मधे उघडून बघू नका. तरी थांबलं नाही तर दवाखाना. ओठ दुसऱ्या दिवशीही बधिर असेल तर ज्यांनी दाढ काढली त्यांना कळवा.

तपासणीसाठी आणि टाक्यांसाठी दरवेळी पुण्याला जाणं परवडत नाही, म्हणून दाढ काढण्यापूर्वीच विचारून ठेवा की रात्री-अपरात्री फोन कुणाला करायचा आणि टाके भोरला काढून चालतील का. पुण्यात खर्चाचा प्रश्न असेल तर शिकवणीची रुग्णालयं सहसा खासगीपेक्षा स्वस्त पडतात. कॅम्पातल्या आझम कॅम्पसमध्ये एम. ए. रंगूनवाला दंत महाविद्यालय आहे. सातारा रस्त्याने जाणाऱ्यांना धनकवडीचं भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय वाटेवरच पडतं. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला, रिकामी असली तरी.